बहिणाबाईंचे ‘मन’ आणि चेताऊतकातील आयन : आंतरविद्याशाखीय वाचनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

जळगावजवळील असोदा हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी कवयित्रीची रचना सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने ग्रंथरूप झाली. त्याच वर्षी हॉजकिन व हक्सले यांनी सोडियम आणि पोटॅशियम आयनांच्या हालचालीतून चेतातंतूत आवेग कसा निर्माण होतो, हे सिद्ध करणारे शोधनिबंध प्रसिद्ध केले. हा केवळ योगायोग होय. मात्र साहित्य आणि विज्ञान एकत्र वाचताना अशा योगायोगांनाच पुरावा मानण्याची प्रवृत्ती बळावते. ‘मन’ या कवितेची चेताशास्त्राशी घातलेली सांगड कोठे टिकते व कोठे टिकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विजेची प्रतिमा

कवितेत मन क्षणात भुईवरून आकाशात जाते आणि वीज होऊन पुन्हा धरतीवर येते. येथे चेतातंतूतील विद्युत आवेग आठवणे स्वाभाविक आहे. तथापि हे साम्य शब्दापुरतेच आहे. चेतातंतूत तारेसारखा प्रवाह धावत नाही. पेशीपटलाच्या एका भागात सोडियम आयन आत शिरतात, पोटॅशियम आयन बाहेर पडतात आणि हीच क्रिया पुढील भागात घडत जाते. अत्यंत वेगवान तंतूंतही हा वेग सेकंदाला सुमारे १२० मीटर इतकाच असतो. शिवाय बहुतेक संपर्कस्थानी विद्युत संदेशाचे रासायनिक संदेशात रूपांतर होते. तेथे कॅल्शियम आयन आत आल्यावर पुटिकांतील चेतापारेषक द्रव्य बाहेर पडते.

आयनांचे कार्य द्रव्य सोडण्यापुरते मर्यादित नाही. द्रव्याच्या निर्मितीवरही त्यांचा प्रभाव असतो. अॅसिटिलकोलिनच्या निर्मितीसाठी लागणारे कोलिन पेशीत घेण्याची क्रिया सोडियमवर अवलंबून असते. डोपामिन व नॉरअॅड्रेनॅलिन यांच्या निर्मितीतील पहिल्या टप्प्याचे विकर, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, लोहाच्या आयनाशिवाय काम करीत नाही आणि कॅल्शियममुळे कार्यान्वित होणारी विकरे त्याची क्रियाशीलता वाढवितात. यांपैकी काहीही कवितेत नाही, आणि ते असण्याची गरजही नाही. बहिणाबाई मनाच्या अस्थिरतेविषयी बोलत आहेत. तेथे विज्ञान शोधणे म्हणजे कविता व विज्ञान या दोहोंवर अन्याय करणे होय.

विंचवाची प्रतिमा

याच कवितेतील दुसरी प्रतिमा मात्र वेगळ्या प्रकारची आहे. मन इतके जहरी की त्यापेक्षा विंचू व साप बरे, कारण त्यांच्या विषाला मंत्राचा उतारा आहे, असा तिचा आशय आहे. विंचवाचे विष खरोखरच आयनांच्या मार्गांवर कार्य करते. लाल विंचवाच्या विषामुळे सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत. पोटॅशियमचे काही मार्ग अडविणारे घटकही त्यात असतात. परिणामी चेतातंतू पुनःपुन्हा उत्तेजित होतात आणि अॅसिटिलकोलिन व नॉरअॅड्रेनॅलिन यांचा पूर येतो. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि फुप्फुसांत साचणारे पाणी ही त्याचीच लक्षणे होत.

महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या निरीक्षणातून ही लक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली आणि १९८६ मध्ये तेथेच प्राझोसिनच्या उपचाराविषयी लिहिले. हे औषध आयनमार्ग दुरुस्त करीत नाही. नॉरअॅड्रेनॅलिनचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण त्या वेळेत बरे झाले.

येथे समीक्षकाने स्पष्ट बोलावे. मंत्राने विंचू उतरत नाही, आणि मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेततो. परंतु कवितेचा युक्तिवाद मंत्रावर उभा नसून ‘विंचवाला उतारा आहे’ या विधानावर उभा आहे. विज्ञानाने मंत्र खोटा ठरविला. उतारा मात्र खरा ठरविला. त्यामुळे तुलना दुर्बळ न होता अधिक भक्कम झाली आहे.

मग मनाला उतारा नाही, हे विधान टिकते काय? १९४९ मध्ये केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखविला. द्विध्रुवी विकारात ते आजही दिले जाते, आणि लिथियम हाही आयनच आहे. मनोविकाराला उतारा मिळू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि बहिणाबाईंचे मन रोग्याचे नाही; ते पिकात पुन्हापुन्हा शिरणाऱ्या मोकाट ढोरासारखे, प्रत्येकाच्या ठायी असलेले मन आहे.

समारोप

एखाद्या प्रतिमेला वैज्ञानिक संज्ञा जोडल्याने वाचन आंतरविद्याशाखीय होत नाही. विजेच्या प्रतिमेत केवळ शब्द जुळतो; विंचवाच्या प्रतिमेत युक्तिवाद तपासता येतो, त्यातील चूक दाखविता येते आणि तरीही कविता उरते. आपल्या विद्यार्थ्यांना हा भेद शिकविता आला, तरच भाषा व विज्ञान हे दोन्ही विभाग एकमेकांच्या उपयोगी पडले, असे म्हणता येईल.