बेणारेची शिक्षा आणि कायद्याचे वाक्य

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगमंचावर आले. बेणारे ही ढोंगी समाजनीतीची बळी, हे त्याचे वाचन आता रूढ झाले आहे आणि ते चुकीचे नाही. परंतु त्यामुळे खटल्याचा कायदेशीर तपशील समीक्षेत सहसा मागे पडतो. अभिरूप न्यायालय भ्रूणहत्येचा आरोप ठेवते ते दंड विधानाच्या 302व्या कलमाखाली. ते कलम खुनाचे. गर्भपाताचे कलम 312. त्यात स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज दुसरे कारण मान्य नव्हते आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगारच ठरे. ही चूक हौशी नटमंडळींची म्हणून सोडून देता येईल. मात्र अखेरीस काशीकर गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात तेव्हा, त्या काळच्या कायद्याप्रमाणे, न्यायासनच गुन्ह्याची आज्ञा देत असते. रंगमंचावर एकालाही ते खटकत नाही! खटला लटका, सामंताची साक्ष तर हातातल्या कादंबरीतून उचललेली. खरे आहे ते बेणारेचे गरोदरपण, आणि ते मूल तिला हवे आहे.

शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर 1971 साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका किंवा गर्भात गंभीर व्यंग असल्यास 20 आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. सुधारणा मोठी होती. पण त्यातील मुख्य वाक्याची रचना पाहावी : कर्ता आहे नोंदणीकृत डॉक्टर, आणि वाक्य सांगते की तो दोषी ठरणार नाही. स्त्रीची संमती लागते. निर्णय डॉक्टरांच्या मताचा.

2008 साली मुंबईच्या एका दांपत्याला गर्भाच्या हृदयातील दोष 20 आठवडे उलटल्यावर कळला. उच्च न्यायालयाने 4 ऑगस्टला परवानगी नाकारली. मुदतीनंतर केवळ आईच्या जिवाचे कारण चालत होते आणि न्यायालय त्या शब्दांनी बांधलेले होते. काशीकरांशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही एकीवर गर्भ नष्ट करण्याची सक्ती, दुसरीवर वाढविण्याची, आणि दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द आसनाचा, हे साम्य उरते. 2021 च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगासाठी मुदत उठविली; व्यंग ठरविते वैद्यकीय मंडळ.

तेंडुलकरांनी बेणारेला प्रदीर्घ स्वगत दिले आहे. ती बोलत असताना बाकीची पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात. स्वगत संपते, खटला पुढे चालू होतो, आणि निकालात त्यातल्या एका शब्दाचीही दखल नसते.