दोघांत तिसरा

सारांशातच तीन आकडे ओळीने येतात: १.६७, १.८०, २.२०. अकमल, पांढरीपांडे आणि रेव्हनहॉल यांचा न्यूट्रॉन ताऱ्यांवरचा १९९८चा शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो, तो या तीन पायऱ्यांसाठी. विजय पांढरीपांडे मूळचे नागपूरचे. टीआयएफआरमधून पुढे ते इलिनॉय विद्यापीठात गेले, आणि सुट्या न्यूक्लिऑनांमधल्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांमधल्या, बलापासून अख्खं केंद्रकीय द्रव्य उभं करण्यात त्यांनी आयुष्य घातलं.

पहिली पायरी निव्वळ जोडीची. न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळवून मिळालेल्या हजारो मोजमापांशी जुळणारं ‘आर्गॉन व्ही१८’ हे बल घ्यायचं आणि तेवढ्यावर न्यूट्रॉन तारा किती जड होऊ शकतो ते काढायचं. उत्तर येतं सूर्याच्या १.६७ पट. इथे जाफराबादला वर्गात आम्ही फळ्यावर दोन न्यूक्लिऑन काढतो, मधे बाण दाखवतो आणि तास संपतो. निबंध तिथून पुढे निघतो.

दुसरी पायरी सर्वांत देखणी. हे बल ठरवताना जोडीचा एकूण संवेग शून्य धरलेला असतो. दाट द्रव्यात मात्र जोडीच धावत असते. त्या धावण्याची सापेक्षतावादी दुरुस्ती केली की मर्यादा १.८० होते. मग येतो तिसरा न्यूक्लिऑन: एकाकडून आलेल्या पायॉन या कणाने दुसरा क्षणभर उत्तेजित होतो आणि तिसऱ्याकडे पायॉन धाडतो. दोघांच्या बलांची नुसती बेरीज करून हे सापडत नाही. याच्या जोडीला तिघांमधलं प्रतिकर्षणही आहे, आणि दाट द्रव्यात तेच वरचढ ठरतं. ते धरलं की २.२०. पण दुसरी पायरी घेतल्यावर हे प्रतिकर्षण ०.६३ पटीवर आणावं लागतं, कारण तिसऱ्याच्या खाती टाकलेला काही भाग मुळात जोडीच्या धावण्याचा होता. हिशेबातली ही स्वच्छता मला फार भावते.

उणीवही लेखक लपवत नाहीत. साध्या केंद्रकीय द्रव्यात दर न्यूक्लिऑनमागे सुमारे १६ एमईव्ही बंधनऊर्जा हवी. त्यांच्या गणितात ती १२च्या आसपास भरते, आणि ही तूट वेगळी दुरुस्ती करून भरल्याचं ते सरळ सांगतात.

पांढरीपांडे २००६ साली गेले. २०१० मध्ये १.९७ सौर वस्तुमानाचा स्पंदक, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, मोजला गेला, २०१३ मध्ये २.०१चा. केवळ जोडीवर उभी असलेली १.६७ची मर्यादा तिथेच बाद झाली. ताऱ्याच्या गाभ्यात क्वार्क मिसळले तर मर्यादा गृहीतकानुसार २.०२ किंवा १.९१वर उतरते, असंही याच निबंधात काढलेलं आहे. त्यातली १.९१ची शक्यता आता धरवत नाही, २.०२ची मात्र या दोन मोजमापांपुढे काठावर तग धरून राहिली.