टर्नरची आग आणि काठावरची माणसं

रद्दीवाल्याकडून विलायती चित्रांचं एक फाटकं पुस्तक उचललं. त्यातलं एक पान नुसतं पेटलेलं. टर्नर नावाच्या इंग्रज चित्रकारानं काढलेली लंडनच्या पार्लमेंटची आग. मूळ चित्र अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये. पुस्तकवाला पंडित प्रकाश, रंग, भव्यता असं दोन पानं लिहितो. आग बघून ज्याला आधी रंग दिसतो, त्याचं घर कधी जळालेलं नसावं. पण चित्र मला सोडेना.

आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, ‘साहेबांच्या आगीचं आपल्याला काय रे? आपल्या आगी दोन. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली ती, आणि २५ डिसेंबर १९६८ ला तंजावरकडं किळवेण्मणीत झोपडीत ४४ दलित जाळले ती.’ खरंय त्याचं. म्हणूनच म्हणतो, दोस्तांनो, ही तिसरी आग बघा.

गोष्ट १६ ऑक्टोबर १८३४ ची. सरकारी खजिन्याच्या हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या होत्या, खाचा पाडून उभ्या चिरलेल्या. निकामी झाल्या म्हणून लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टीत जाळायचा हुकूम निघाला. दोन मजुरांनी दिवसभर त्या कोंबल्या. दुपारी पाहुणे सभागृह बघायला आले तर जमीन बुटातून गरम लागत होती, धुरानं भिंतीवरचे पडदे दिसेनात. तरी कुणी खाली जाऊन बघितलं नाही. संध्याकाळी भडका. (आमच्या ब्लोरूममध्ये कापूस असाच पेटतो. वरून पांढराशुभ्र, आत धुमसतोय. जुना कामगार वासावरून ओळखतो. सायबाला ज्वाळा दिसल्याशिवाय पटत नाही.) पुढं १८५५ मध्ये डिकन्स भर सभेत म्हणाला, त्या काठ्या शेजारच्या गरिबांना सरपणाला दिल्या असत्या तर झालं असतं.

टर्नर न्हाव्याचा पोरगा. त्या रात्री तो स्वतः नदीवर होता. १८३५ च्या प्रदर्शनाला त्यानं जवळजवळ कोराच कॅनव्हास पाठवला आणि भिंतीवर टांगल्यावर लोकांदेखत उभ्या उभ्या रंगवला, पाळी भरावी तसा. काम संपलं, पेटी आवरली, मागं न बघता निघून गेला. हे मला आवडलं.

चित्रात डावीकडं सोनेरी भडका. उजवीकडं वेस्टमिन्स्टरचा पूल, अलीकडं भक्कम, पलीकडं उजेडात विरघळलेला. आणि खाली काळोखात माणसं. टर्नरनं आपल्याला राजवाड्यात उभं केलेलं नाही, या गर्दीच्या पाठीमागं केलंय. गर्दी रडतही नव्हती. कार्लाइलनं लिहून ठेवलंय, लोक जरा खूषच होते, वारा सुटला की शिट्या मारत. का नाही मारणार? त्याच साली याच पार्लमेंटनं गरिबांचा नवा कायदा केला: मदत पाहिजे तर वर्कहाऊसात या, नवरा एकीकडं, बायको एकीकडं. त्याच साली टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना, संघटना बांधून शपथ घेतली म्हणून, ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं.

मग ही गर्दी म्हणजे बंड का? इथं माझं टर्नरशीही भांडण आहे आणि गर्दीशीही. एकाचाही चेहरा धड नाही, सगळे ठिपके. शत्रूचं घर आपोआप जळताना बघणं वेगळं आणि मनुस्मृती ठरवून जाळणं वेगळं. महाडला आगीआधी ठराव होता. थेम्सच्या काठावर नुसत्या शिट्या. कायदा तसाच राहिला, आणि त्याच जागी आधीपेक्षा मोठी पार्लमेंट उभी राहिली.

आपण सभांमधून ‘पेटवू’, ‘जाळू’ म्हणत कविता वाचतो. माझ्याही आहेत. हे चित्र बघितल्यापासून त्यातल्या चार मी बाजूला काढून ठेवल्यात. त्यांत ज्वाळा भरपूर, पण भट्टी कुठं आहे, काठ्या कुणाच्या, हुकूम कुणाचा, यातलं काही नाही. पुलावर उभं राहून शिट्टी मारल्यासारख्या झाल्यात त्या.

पान खोलीत भिंतीला लावलंय. ब्लोरूमचा एक दोस्त बराच वेळ बघत राहिला.

‘भट्टीवर कोण होतं?’

‘दोन मजूर. चौकशी झाली. घातपात नाही, हलगर्जी ठरली.’

‘म्हणजे त्यांच्यावरच आलं.’

‘त्यांच्यावर, आणि देखरेखीवाल्यावरही.’

‘यात कुठं आहेत ते?’

मी बोट ठेवायला गेलो. ते चित्रात नाहीत.