२८ अंश आणि ४३ अंश

हार्डवेअरच्या दुकानात ज्याला ‘रुरल पॅन’ म्हणतात, ते संडासाचं साधं पांढरं भांडं एकदा नीट न्याहाळावं. शहरी भांड्याच्या मानाने त्याचा तळ फार उतरता असतो, २५ ते २८ अंश. त्याच्याखाली गवंडी जो कोंबडा बसवतात, त्यात थांबून राहणारं पाणी अवघं २० मिलिमीटर. फ्लशच्या टाकीवर चालणाऱ्या कमोडमध्ये हाच पाण्याचा अडसर साधारण ५० मिलिमीटरचा असतो. उतार तीव्र आणि अडसर उथळ, म्हणून दीड-दोन लिटर पाणी ओतलं की भांडं साफ होतं.

हे आकडे कुणासाठी आहेत ते सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतल्या बायांना विचारावं. उन्हाळ्यात जिथे टँकरच्या पाण्यासाठी घागरी रांगेत लागतात, तिथे एका वेळेला दहा लिटर पाणी मागणारा संडास म्हणजे कुलूप लावलेला संडास. भांड्याचा तळ आखणाऱ्याने ती घागर डोळ्यांपुढे ठेवली. बांधीव ओवीत जसा एक शब्द जास्तीचा निघत नाही, तसं या भांड्यातून काही काढून घेता येत नाही. मला हे भांडं सुंदर वाटतं, आणि सुंदर हा शब्द मी पूर्ण जाणून वापरते आहे.

सातारा-सांगलीच्या घराघरांत हे भांडं पोचलं त्यामागे मोठी चळवळ होती. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २००० साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली. नावही नेमकं निवडलेलं होतं. गाडगेबाबांचा या मातीशी जुना ऋणानुबंध. कऱ्हाडचं रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पुढे २०१८ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. परसाकडे जायला अंधाराची वाट पाहणाऱ्या आयाबहिणींच्या दृष्टीने हा काही लहान बदल नव्हता.

पण त्या वर्षांत ज्यांनी हौसेने स्वतःच्या दारात शोषखड्डा खणला, ती माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीला आली आहेत. गुडघे गेले आहेत. मिरज हे १८९४ पासूनचं, वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासूनचं, दवाखान्यांचं गाव. दोन्ही जिल्ह्यांतून माणसं तिथे गुडघे बदलायला जातात आणि ‘आता उकिडवं बसायचं नाही’ ही सूचना घेऊन परततात. मग घरात कमोड येतो. गुडघ्याचा प्रश्न सुटतो आणि दुसराच एक प्रश्न उभा राहतो, ज्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

उकिडवं बसलेल्या माणसाचं शरीर खालून मोकळं असतं. उजव्या हातातल्या तांब्याचं पाणी आणि डावा हात सहज जिथे पोचायचे तिथे पोचतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत अतिशय काटकसरी आणि स्वच्छ आहे. कमोडवर बसलं की तेच शरीर मिटतं. मांड्या सीटवर टेकतात आणि पाण्याची वाट बंद होते. आता हात पाठीमागून वळवायचा, नाहीतर एका कुशीवर झुकून जागा करायची. खांदा आखडलेला, कंबर धरलेली, तोल जाण्याची भीती. जेट लावलेला असतो, पण त्याचा खटका अंगठ्याने दाबून धरायचा, मनगट उलटं वळवायचं आणि न बघता नेम धरायचा. तरुण माणसाला यातलं काही जाणवतही नाही. संधिवाताच्या बोटांना ते रोज जाणवतं. कमोडने बसणं सोपं केलं आणि धुणं अवघड करून ठेवलं. कमोड ही मुळात कागदाने पुसणाऱ्यांच्या देशांतली वस्तू. आपण ती घेतली, पण तिच्यात पाण्याची सोय करायची राहून गेली.

कऱ्हाडच्या माझ्या आत्याने हे एका वाक्यात सांगितलं होतं. “बाकी काय नको गं. या कामाला मला कुणाला हाक मारायला लागू नये, एवढं बघ.”

त्या वाक्यापासून मी कमोडवर बसवायच्या, पाण्याच्या धारेने धुणाऱ्या सीटकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. तोवर मलाही ती पंचतारांकित हॉटेलातली चैन वाटायची. तिचा इतिहास पाहिला तर ती चैनीतून आलेलीच नाही. स्वित्झर्लंडमध्ये हान्स माउरर यांनी १९५७ मध्ये धुणारा आणि वाळवणारा कमोड बनवला, तो क्लोसोमॅट. अमेरिकेत आर्नल्ड कोहेन यांनी आजारी वडिलांसाठी सीटला पाण्याची धार आणि गरम हवा जोडली. १९६४ मध्ये जपानच्या टोटो कंपनीने ती अमेरिकी सीट आयात केली ती दवाखान्यांसाठी, मूळव्याधीच्या रुग्णांच्या आणि बाळंतिणींच्या सोयीसाठी. धार वाकडी जायची, पाणी मध्येच गार तर मध्येच कढत यायचं. मग टोटोच्या अभियंत्यांनी स्वतःची सीट बनवायला घेतली आणि जून १९८० मध्ये वॉशलेट बाजारात आलं. वडिलांची अडचण ओळखून मुलाने काढलेली वाट, हे या वस्तूचं मूळ आहे. ते माहीत झालं की तिची प्रत्येक हालचाल वेगळी दिसू लागते.

ती हालचाल सावकाश पाहण्यासारखी आहे. नळी आधी दिसतच नाही. सीटच्या मागच्या बाजूला आत लपलेली असते. बटण दाबलं की ती पहिल्यांदा स्वतःला धुते. मग पुढे सरकते, थांबते, धार सोडते, काम झालं की मागे जाऊन पुन्हा स्वतःला धुते आणि आत जाते. घाणीशी गाठ पडण्याआधी स्वच्छ आणि पडल्यानंतरही स्वच्छ. आपल्या आज्या हा नियम हातापायांना आणि भांड्यांना लावत आल्या. इथे तो एका बोटभर नळीला लावलेला आहे.

आणि तो कोन. धार सरळ वर सोडली, तर अंगावरून परतणारं पाणी नळीवरच पडणार. फार आडवी सोडली, तर ती नेमक्या जागी पोचत नाही. वॉशलेटच्या अभियंत्यांनी अनेक कोन तपासून ४३ अंश ठरवले. त्या कोनातून गेलेली धार आपलं काम करते आणि माघारी येताना नळी चुकवते. नेम कुठे धरायचा हे कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात मिळेना, तेव्हा त्यांनी कंपनीतल्या तीनशेहून अधिक स्त्रीपुरुषांना विनंती केली. सीटवर आडवी तार ताणली आणि बसल्यावर शरीराची ती जागा कुठे येते, याची खूण ज्याची त्याने तारेवर करायची. सुरुवातीला साहजिकच संकोच झाला, बायकांना जास्तच. तरी माणसं तयार झाली. मला हा प्रसंग फार हृद्य वाटतो. जी गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, ती तीनशे माणसांनी एका तारेवर खुणेने सांगितली, आणि त्या खुणांवरून जगभरच्या म्हाताऱ्या माणसांची अवघडलेली सकाळ सोपी झाली.

पाणी ३८ अंश सेल्सियसचं. हा आकडाही लोकांना बसवून, थोडं थोडं तापमान बदलून काढलेला आहे. ते तापमान सांभाळायला इलेक्ट्रॉनिक चिप लागते आणि पाणी तर तिच्या अगदी शेजारी. विजेचा धक्का बसला तर सगळंच संपलं. त्यावर उपाय सुचला तो रस्त्यावरच्या सिग्नलवरून, जो भर पावसात चालू असतो. चिप राळेसारख्या लेपात बंद केली आणि प्रश्न मिटला.

२८ अंशांनी घागर जपली, ४३ अंशांनी माणसाचा संकोच जपला. एक कोन माणच्या दुष्काळाला उत्तर देतो, दुसरा मिरजेहून गुडघे बदलून आलेल्या आजीला. एका धुण्याला ही सीट साधारण अर्धा लिटर पाणी घेते, म्हणजे तांब्याहून जास्त नाही. म्हणून मला या दोन वस्तू परक्या वाटत नाहीत. तांब्याची रीत मोडून नवं काही आणायचं नाही. जिथे हात पोचत नाही तिथे तांब्याचं पाणी पोचवायचं आहे.

आता घरासाठी निवडायची वेळ. ४३ अंशांचा कोन पाण्याला दाब असेल तरच खरा. टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर दाब ठरतो, दर १० मीटरला साधारण १ बार. आपल्याकडच्या एकमजली घरात स्लॅबवरची टाकी सीटपासून तीन-चार मीटर उंच असते, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. विजेवरच्या बहुतेक सीटना निदान अर्धा बार तरी लागतो. दाब कमी पडला की धार वाकून अलीकडेच पडते आणि तीनशे माणसांची मेहनत वाया जाते. म्हणून दुकानात जाण्याआधी जिन्यावर जाऊन टाकी बघावी. चबुतरा उंच करता येतो, लहान प्रेशर पंप बसवता येतो, काही सीटमध्ये पंप आतच असतो.

दुसरं म्हणजे क्षार. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात उसाच्या अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, हे इथल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. तिथल्या बोअरचं पाणी बादलीच्या कडेवर पांढरी रेघ सोडतं. नळीच्या सुईएवढ्या छिद्रांचं काय होईल याचा अंदाज त्यावरून करावा. नदीचं, नळाचं पाणी त्या जोडणीला मिळत असेल तर तेच द्यावं. नाहीतर आत येणाऱ्या पाण्याला गाळणी बसवावी आणि अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने नळी पुसून घ्यावी.

विजेची सीट की साधी, यावर माझं मत ठाम आहे. सीटखाली बसणारी, अँगल कॉकवरून टी काढून जोडलेली, एका मुठीवर चालणारी साधी जोडणी आपल्या बहुतेक घरांना पुरेशी आहे. लाईट गेली तरी ती चालते; विजेवरच्या बऱ्याच सीट लाईट गेल्यावर धारही सोडत नाहीत. बिघडली तर गावातला प्लंबर ती दुरुस्त करू शकतो. एक काळजी मात्र घ्यावी. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका देण्याइतकं तापतं आणि ही जोडणी ते तसंच अंगावर सोडते. थोडं पाणी बादलीत काढून हाताने पाहावं, मगच म्हाताऱ्या माणसाला बसवावं. उलट महाबळेश्वर-वाईकडच्या थंडीत गार धार सोसत नाही, तिथे विजेच्या सीटचं कोमट पाणी मोलाचं.

विजेची सीट खरी हवी ती ज्यांचा हात पुसण्यापुरताही वळत नाही त्यांना: पक्षाघात झालेल्यांना, कंपवाताच्या रुग्णांना. त्यांच्यासाठी वाळवणारी गरम हवाच महत्त्वाची. ती कोरडं करायला वेळ घेते, तेवढा धीर धरावा लागतो. अशा सीटसाठी न्हाणीघरात चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा खटका) असल्याशिवाय जोडणी करूच नये. दाब नेहमी सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करावी. जोराची धार म्हणजे जास्त स्वच्छता, असं नसतं. मूळव्याध किंवा फिशर असेल तर जोराने त्रासच होतो, तिथे डॉक्टरांना विचारून घ्यावं. बायकांसाठी पुढची वेगळी नळी असलेली जोडणी घ्यावी, म्हणजे मागचं पाणी पुढे येत नाही.

माझी एक तक्रार बनवणाऱ्यांकडे आहे. बटणांवर बारीक चित्रं असतात, कुठे इंग्रजी अक्षरं. मोतीबिंदू झालेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने त्यातून काय समजायचं? जी वस्तू कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून बनली, तिचं बटण विचारायला हाक मारावी लागत असेल तर काम अर्धं राहिलं. ‘धुणे’, ‘थांबा’, ‘वाळवणे’, एवढे तीन मराठी शब्द ठळक छापायला खर्च कितीसा? तोवर घरच्यांनीच मोठ्या अक्षरात कागद लिहून चिकटवावा. एक मूठ असलेली साधी जोडणी मला आवडते, त्यामागे हेही कारण आहे. ती वाचावीच लागत नाही, हाताला कळते.

मात्र ती मूठ बहुतेक वेळा उजवीकडे असते. ज्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे त्यांनी डाव्या मुठीची जोडणी मागून घ्यावी. ती नसेल तर भिंतीवर बसणारं वेगळं बटण मिळतं का ते विचारावं. आणि सीटइतकाच आवश्यक आहे तो भिंतीतला दांडा, विटेत पक्का ठोकलेला, बसल्यावर हाताला येईल अशा उंचीवर. धार ठरल्या जागी पोचायची तर शरीर हलता कामा नये, आणि धरायला काही असेल तरच म्हातारं माणूस निर्धास्त बसतं. कऱ्हाडला आत्याकडे आम्ही दांडा आधी बसवला आणि सीट आठवड्याने आणली.