वाशिमचे लग्न आणि घरची शाळा

लग्न म्हटले की वऱ्हाड आलेच. पण साहित्याचे लग्न खुद्द वऱ्हाडातच लागले, हे फार थोड्या वऱ्हाडकरांना ठाऊक असते. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात या लग्नाची साद्यंत हकीकत दिली आहे. वर काव्यपुरुष, सरस्वतीचा मुलगा, वधू साहित्यविद्या, आणि लग्नाचे गाव विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून इतिहासकारांना हे गाव परिचित आहे. परंतु दिवाळीच्या दिवसांत, घरात फराळाचे ताट आणि नवे पुस्तक एकाच वेळी आले असताना, आठवण व्हावी ती या लग्नाची.

काव्यपुरुष कोणत्याही शाळेत गेला नव्हता. आईच्या पायांना हात लावताना त्याच्या तोंडून जे पहिले शब्द निघाले, तेच छंदोबद्ध होते. असे मूल घरात असल्यावर आईला आणखी काय हवे? पण एके दिवशी ब्रह्मदेवाच्या सभेत वाद उपस्थित झाला आणि निवाड्यासाठी सरस्वतीला बोलावणे आले. मुलाने मागे लागावे आणि आईने त्याला परत धाडावे, हे घरोघरी चालते तसेच तेथे झाले. मुलगा रुसून घर सोडून निघाला. त्याचा मित्र कुमार रडू लागला, तेव्हा कुमाराची आई गौरी विचार करू लागली, की या मुलाला आवरायचे कशाने? प्रेमावाचून दुसरे बंधन प्राण्याला नाही, असे ठरवून तिने साहित्यविद्या निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे पाठवले. पूर्वदेश, पांचाल, अवंती, दक्षिण असा तो पुढे आणि ती मागे, असा प्रवास झाला. आरंभी त्याचे तिच्याकडे लक्षही नव्हते. हळूहळू ते वळले, आणि वत्सगुल्मात दोघांनी गांधर्वविवाह केला. मग ती दोघे परत फिरली आणि दोन्ही आयांच्या पाया पडली.

हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. तेव्हापासून पंडितांनी या कथेचा अर्थ प्रांतोप्रांतीच्या वेषांचा, नृत्यांचा आणि काव्यरीतींचा नकाशा असा लावला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु या कथेत एक गृहस्थी शहाणपणही आहे. घर सोडून निघालेल्या मुलाला गौरीने दोरीने बांधून आणले नाही, उपदेशकही पाठवला नाही. पाठवली ती सोबत. शिवाय त्या सोबतीने त्याला अर्ध्या वाटेवरून ओढून आणले नाही. सारा देश हिंडू दिला आणि मग घरी आणले. मुलांना घरीच उत्तम साहित्यावर वाढवावे, असे म्हणणाऱ्यांचे आज जे मत आहे, त्याची कसोटी मला या कथेत सापडते. घरातले साहित्य मुलाला घराबाहेर नेते की नाही?

कारण साहित्याने भरलेले घरही बंद असू शकते. याचे उदाहरण शोधायला विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत विदर्भाचा राजा अनंतवर्मा भेटतो. बुद्धिमान, नृत्यगीतात आणि काव्यात प्रवीण. पण राज्यकारभाराच्या विद्येकडे त्याने पाठ फिरवलेली. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला समजावतो, तर विहारभद्र नावाचा थट्टेखोर सेवक त्या साऱ्या शास्त्राची टर उडवतो. राजाला अर्थातच दुसऱ्याचे बोलणे गोड लागते. शेवटी शेजारच्या अश्मकराजाच्या कपटाने राज्य जाते, राजा मरतो आणि राणीला मुलाबाळांसह पळावे लागते. वत्सगुल्माच्या वाकाटकांचा अस्त कसा झाला याची छाया या कथेत उमटली आहे, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. हे अनुमान मान्य करो वा न करो, दंडीचा इशारा स्पष्ट आहे. काव्य ज्याला केवळ करमणुकीचे लेणे झाले, त्याला काव्य वाचवत नाही.

कोणी म्हणेल, हा राजा विलासी होता. सात्त्विक घरात असे होत नाही. तर मग एक अत्यंत सात्त्विक घर पाहू. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने मुलीला. शाळेचा उंबरठा नाही, इमारत नाही. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे कुटुंब हीच शाळा. भागवत मुलीला मुखोद्गत झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाचा याहून मोठा विजय आपल्याकडे दाखवता येणार नाही. पण त्याच रमाबाईंनी पुढे आपली साक्ष लिहिताना या विजयाची काळी बाजू लपवली नाही. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, आणि उरलेल्या भावंडांना उपास घडले. भीक मागायला अभिमान आडवा येई, हलके काम करणे कमीपणाचे वाटे, आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याची दुसरी कोणती विद्या शिकवलेलीच नव्हती. हजारो श्लोक पाठ. हाताला मात्र काम ठाऊक नाही. ही तक्रार एखाद्या शाळामास्तराची नाही, घरच्या शाळेच्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीची आहे. म्हणून ती टाळून पुढे जाता येत नाही.

या तक्रारीचे उत्तर मला ‘श्यामची आई’मध्ये दिसते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, पण त्याबरोबर हे रडवणारे पुस्तक अशी त्याची कीर्तीही पक्की केली. अश्रू बाजूला ठेवून ते पुन्हा वाचावे. त्यात एके ठिकाणी श्यामला दुसऱ्या मुलाच्या हातातली छापील रामरक्षा हवीशी वाटते. ती विकत न आणता तो हाताने उतरून घेतो आणि पाठ करतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला पत्रावळ लावायला शिकावे लागते, तेही नाइलाजाने, कुरकुरत. तिसऱ्या ठिकाणी भित्र्या श्यामला पोहायला पाठवण्यासाठी आई चक्क शिमटी हातात घेते. आज आपण त्या मारामुळे अस्वस्थ होतो, आणि व्हावेच. पण स्तोत्र, पत्रावळ आणि विहीर या तीन गोष्टी त्या घरात वेगळ्या नव्हत्या, हे विसरू नये. रमाबाईंच्या घरात पहिली होती, दुसरी नव्हती. अनंतवर्म्याच्या वाड्यात विहिरीत उडी घेण्याचे धाडस कोणी शिकवले नव्हते. गुरुजींचे पुस्तक जेथे तात्पर्य सांगू लागते तेथे ते सैल पडते, आणि जेथे हात कामात असतात तेथे ते आजही जिवंत आहे, असे माझे मत आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ज्या घरात पुस्तकच नाही त्याने काय करावे? वाशिम जिल्ह्यातलीच उत्तरे देतो. कारंज्याच्या जैन मंदिरांतली हस्तलिखित भांडारे म्हणजे उतरून घेतलेल्या ग्रंथांची पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण. १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांनी तेथली अपभ्रंश काव्ये प्रकाशात आणली, तेव्हा विद्वानांना एक हरवलेले दालन सापडले. श्यामची वही याच परंपरेतली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाची गाणी आणि कथा गोरबोलीत, तोंडातून तोंडाकडे आल्या. जात्यावरची ओवी तर अक्षर न येणाऱ्या आजीने रचली. अशा घरातले मूल शाळेत गेल्यावर त्याला ‘घरी काही नाही’ असे सांगितले जाते, हा आपल्या शिक्षणातला मोठा अन्याय आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला, तो हवाच. पण शाळेत जाताना मुलाने आजीची ओवी उंबऱ्याशी ठेवून जावे, असे त्या कायद्यात कोठे म्हटले आहे?

शेवटी पुन्हा राजशेखराकडे येतो. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही विदुषी होती, आणि ‘काव्यमीमांसे’त आचार्यांची मते देता देता तो तिचेही मत तिच्या नावानिशी देतो. नवऱ्याच्या ग्रंथात बायकोच्या मताला आचार्यांच्या पंक्तीला पान मांडलेले हे घर मला फार आवडते. चांगल्या घरच्या शाळेचे हेच लक्षण असावे. या दिवाळीत आपण मुलांना एखादे पुस्तक वाचून दाखवाल. धाकटीने मध्येच “मला ही गोष्ट आवडली नाही” असे म्हटले, तर तिला गप्प करू नका; का आवडली नाही, ते विचारा. कदाचित ती उठून बाहेर फटाके उडवायला जाईल. जाऊ द्या. पुस्तक उघडेच ठेवा. चांगले असेल तर ती परत येईल.