जत्रेचा कागद आणि लोककलेचा इतिहास : संग्रहदृष्टीची एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर) हे गाव लोककलेच्या एका समृद्ध प्रदेशाच्या मध्यावर वसलेले आहे. याच मार्गावर पुढे मोडनिंब हे संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध असलेले गाव लागते. नैर्ऋत्येस लावणी स्पर्धेमुळे महाराष्ट्रभर नाव झालेले अकलूज आहे, तर दक्षिणेस विठाबाई नारायणगावकर यांचे जन्मगाव पंढरपूर. शाहीर राम जोशी सोलापूरचे आणि शाहीर अमर शेख बार्शीचे. अशा प्रदेशात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने छापली गेलेली हस्तपत्रके, भित्तिपत्रके, तिकिटे, सुपारीचे करार आणि महोत्सवांच्या स्मरणिका यांना संशोधनसाधन म्हणून कोणते स्थान दिले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संहितेचा संग्रह

लोकवाङ्मयाच्या संकलनाची मराठीतील परंपरा मोठी आहे. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला, य. न. केळकर यांनी १९२८ मध्ये ‘ऐतिहासिक पोवाडे’ सिद्ध केले. या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि या परंपरेचे लक्ष प्रामुख्याने शब्दांवर राहिले. कवन कोणाचे, पाठ कोणता शुद्ध, हे प्रश्न तिने विचारले. प्रयोग कोणत्या गावी झाला, कलावंतीण कोण होती, बिदागी किती ठरली, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिले. संहिता ग्रंथालयात आली आणि प्रयोगाचा कागद रद्दीत गेला.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदविण्याची शिस्त त्यांनी पाळली. गीत आणि गाणारी यांची फारकत न करणारी ही दृष्टी तमाशा-लावणीच्या कागदपत्रांबाबत मात्र क्वचितच दिसते.

हस्तपत्रकाची साक्ष

हस्तपत्रक हे केवळ जाहिरातीचे साधन नव्हे. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावात कलावंतीण, तिचा पिता, त्यांची जात आणि त्यांचे गाव अशा चार गोष्टी एकत्र येतात. लावणीच्या छापील संग्रहात ही माहिती सापडत नाही. फडाच्या नावात ती उघड मांडलेली असते. कोणत्या काळात कोणत्या फडाने जातिवाचक शब्द ठेवला वा गाळला, हे अभ्यासायचे तर पत्रकांखेरीज दुसरे सलग साधन मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण संज्ञेचे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली व पुढे संहितेच्या पूर्वतपासणीच्या अटीवर ती शिथिल केली. ‘तमाशा’ऐवजी ‘लोकनाट्य’ हा प्रतिष्ठित शब्द त्यानंतर रूढ झाला. हा बदल शासकीय कागदात एका दिनांकाला घडतो. गावोगावच्या पत्रकांत तो किती सावकाश व किती अनिच्छेने झाला, हे पत्रके जुळवल्याशिवाय कळणार नाही.

पत्रकांवर पुष्कळदा तिथी व वार असतो, वर्ष नसते. तिथी-वाराचा मेळ पंचांगाशी घातला असता संभाव्य वर्षे हाती लागतात. मात्र असा मेळ अनेक वर्षी जुळत असल्याने तिकिटाचा दर आणि मुद्रकाचे नाव यांचाही आधार घ्यावा लागतो. छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने केली होती. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांना छापखान्यावर नजर ठेवायची होती, त्यांचीच तरतूद आज लोककलेच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

शोभेची वस्तू की साधन?

अलीकडे जुन्या भित्तिपत्रकांना हौशी संग्राहकांकडून मागणी येऊ लागली आहे. कागद नष्ट होण्यापेक्षा तो चौकटीत जाणे बरे, हे मान्य करावे लागेल. परंतु चौकटीत जाताना कडेचा मुद्रकाचा उल्लेख कापला जातो, पाठीमागे पेन्सिलीने मांडलेला हिशेब झाकला जातो आणि कागद कोणत्या घरातून आला याची नोंद राहत नाही. वस्तू वाचते, साक्ष मरते.

या संग्रहदृष्टीला आणखी एक मर्यादा आहे. ढोलकी-फडाचा तमाशा फिरता असल्याने त्याला जाहिरातीची गरज होती. संगीतबारी एका जागी स्थिर, आणि तिच्या बैठकीचा कागद फारसा उरत नाही. केवळ कागदावर विसंबून लिहिलेला इतिहास फडाचा होईल, बारीचा होणार नाही. मोडनिंबसारख्या ठिकाणी कागदाला वृद्ध कलावंतांच्या मौखिक निवेदनाची जोड अपरिहार्य ठरते.

सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. ज्या कुटुंबांनी शिक्षणाच्या व नोकरीच्या बळावर या व्यवसायाची छाया मागे टाकली, त्यांच्या आजीचे नाव आणि जात असलेले पत्रक प्रदर्शनात लावणे हा अभ्यासकाला गौरव वाटू शकेल. नातवाला तो वाटेलच असे नाही. उलटपक्षी, हे नाव झाकून टाकणे म्हणजे त्या स्त्रीला दुसऱ्यांदा अनाम करणे होय. या पेचाला सरसकट उत्तर नाही. जतन व प्रदर्शन या दोन भिन्न क्रिया मानून प्रत्येक कुटुंबाशी स्वतंत्रपणे बोलणे, एवढाच प्रामाणिक मार्ग दिसतो.

समारोप

या कामासाठी मोठ्या संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी ज्या गावांतून येतात, त्याच गावांच्या यात्रा समित्यांच्या कपाटांत हा कागद पडून आहे. कागद न हलवता दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेणे आणि तो कोठे मिळाला, कोणी जपला, त्यावर कोणाची नावे आहेत व दाखविण्यास संमती आहे की नाही, एवढ्या बाबी नोंदवहीत लिहिणे मराठी व इतिहास विभागांना सहज शक्य आहे. निकृष्ट प्रतीचा रंगीत कागद विरत चालला आहे आणि त्यावरील नावे ओळखणारी माणसेही थकली आहेत. या दोहोंपैकी एक गेले तरी दुसऱ्याचा अर्थ निम्माच उरेल.