साहसकथेला रान ठाऊक हवे

गेल्या १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने, शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या बाजूच्या एका शाळेच्या ग्रंथालयात (ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक लोखंडी कपाट, त्याची किल्ली आणि एक दाखलवही) नव्याने आलेल्या साहसकथांपैकी एक मी आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचावयास दिली. कथेतला शहरी नायक सुटीत मामाच्या गावी येतो, रानात त्याच्या सोबत्यास सर्पदंश होतो, आणि हा बालवीर खिशातल्या पात्याने जखमेला चीर देऊन, तोंडाने विष ओढून थुंकून, त्याचे प्राण वाचवितो. वाचणारी मुलगी ठाकरांच्या पाड्यावरची होती. ती मध्येच थांबली आणि पुस्तकावरची नजर न काढता म्हणाली, "गुरुजी, असं करायचं नसतं. माझ्या चुलत्याला मण्यार चावली तेव्हा असंच केलं होतं." पुढे तिने काही सांगितले नाही, आणि वर्गातल्या कोणी विचारलेही नाही.

ते पुस्तक शिफारशीच्या यादीतून आले होते. लेखकाचे नाव मी घेत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. पण ज्या मुलखात आवणीच्या दिवसांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी माणसाची नित्य गाठ पडते, जिथे दंश झालेल्याला, दंशाचा अवयव न हलविता, न कापता, मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोहोचविणे हाच एक उपाय आहे, तिथे असे पान छापून मुलांच्या हाती देणे हा वाङ्मयीन गुन्हा आहे असे मी मानतो. साहसकथेतले अज्ञान ही शैलीची उणीव म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या भाषेत या प्रकाराचा वारसा दरिद्री नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने आमच्या आजोबांच्या पिढीला रात्र रात्र जागविले, आणि त्याचे ऋण तेवढ्यावरच फिटले. खरा पाया घातला तो भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि सडपातळ अंगाने, सायकलीने व 'ट्टॉक' या एका उद्गाराने अवघ्या मराठी बालवाङ्मयाला वेग देतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या वेगामागे काय होते याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केला नाही. फास्टर फेणे जिंकतो तो त्याचे डोळे उघडे असतात म्हणून. कोणती गल्ली कुठे निघते, कोणता माणूस आपल्या जागी शोभत नाही, हे त्याला इतरांच्या आधी दिसते. ज्यूल व्हर्न मराठीत आणताना भागवतांनी यंत्रांचा आणि भूगोलाचा तपशील आत्मीयतेने हाताळला, आणि तीच शिस्त फेणेच्या कथांत उतरली. २०१७च्या चित्रपटाने त्या पोराला मोठा करून टाकले. ज्या मुलांसाठी तो जन्मला होता त्यांच्यापासून तो तितकाच दूर गेला.

भागवतांच्या अनुयायांनी मात्र त्यांच्याकडून धावपळ घेतली आणि डोळे तिथेच ठेवले. गेल्या काही वर्षांत या कपाटात जी पुस्तके दाखल झाली, त्यांतल्या बहुतेकांत तेच एक नाटक चालते: शहरातली चार मुले, एक ओसाड वाडा किंवा गुहा, चोरटा माल, एक मिशाळ खलनायक, आणि शेवटच्या प्रकरणात जीपमधून उतरणारे इन्स्पेक्टर. रान हे या पुस्तकांत पडद्यावर रंगविलेले असते. त्यात सागही दिसतो, सुरूही दिसतो, आणि करवंदे दिवाळीत पिकतात. आदिवासी मुलगा असलाच तर वाट दाखविण्यापुरता येतो, एक शिट्टी वाजवितो आणि खजिना सापडण्याच्या वेळी कुठे तरी मागे राहून जातो. डोळखांबच्या मुलाने हे पुस्तक वाचले तर त्याला स्वतःची जागा कोणती दिसावी? वाटाड्याची. आणि हे लेखक ज्या वाटेवर भयाने कापतात, त्या वाटेने तो रोज शाळेत येतो.

उरलेल्यांचा परामर्श थोडक्यात घेतो. जगप्रसिद्ध कादंबऱ्यांच्या साठ-सत्तर पानी संक्षेपांतून कथानक उरते आणि साहस जाते. गडकिल्ल्यांवरच्या बालकादंबऱ्यांत गडापेक्षा घोषणा अधिक असतात. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे मोठ्यांच्या फावल्या वेळासाठी होते, ते तिथेच असोत. जादूच्या छड्यांचे भाषांतरित ठोकळे ज्याला आवडतात त्याने वाचावे. इथे त्यांची रांग लागलेली मी पाहिली नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला ते मात्र सत्कार्य झाले, कारण त्या कथांत निरीक्षणाला मान आहे.

ज्या प्रवृत्तीविषयी मला भरभरून लिहावयाचे आहे, तिच्यावर बालवाङ्मयाचा शिक्काही पुष्कळदा नसतो. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' घ्या. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीने डोळा घेतला म्हणून नाग्या त्या पोळ्यांशी वैर धरतो, आणि ते वैर पुरे करावयाचे तर कडा, दोर, धूर, रात्र आणि माशीचा स्वभाव हे सारे ठाऊक असावे लागते. तिथे शौर्य हे ज्ञानापासून वेगळे काढताच येत नाही. कादंबरीत प्रेम आहे, मृत्यू आहे, म्हणून ती शाळेत नको असे सांगणाऱ्यांना मी विचारतो की नववीच्या ज्या मुलाच्या घरची माणसे आग्या मोहोळ उतरवितात, त्याच्यापासून या पुस्तकातले नक्की काय लपवावयाचे आहे? मारुती चितमपल्ली वनखात्यात आयुष्य काढून रानातल्या माणसांकडून शब्द मागून घेत राहिले; त्यांच्या लेखनात एका पक्ष्याच्या घरट्याशी पोहोचण्यातही जी उत्कंठा आहे ती दहा गुहांत नाही. विलास मनोहरांच्या 'नेगल'मध्ये हेमलकशाचा बिबट्या माणसांसोबत वाढतो आणि भय व माया या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते मुलाला उपदेशावाचून कळते. कृष्णमेघ कुंटे यांनी मदुमलाईच्या जंगलावर लिहिलेले 'एका रानवेड्याची शोधयात्रा' मी नववीच्या दोघांना दिले, तर त्यांनी हत्तीच्या प्रकरणांवरून आपसांत वाद घातला. जिम कॉर्बेटविषयी मी काय सांगावे! रुद्रप्रयागच्या ज्या बिबट्याने १२५ माणसे घेतली त्याच्यामागे तो १९२६ पर्यंत चालला, आणि त्यावरच्या त्याच्या पुस्तकात बंदुकीचा आवाज किती थोडा व मातीवरचा माग वाचणे किती अधिक आहे ते प्रत्येक बालकथालेखकाने मोजून पाहावे.

म्हणूनच २०१९ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या कादंबरीस मिळाला तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. वनखात्यात नोकरी करणारा माणूस मुलांसाठी कादंबरी लिहितो आणि शीर्षकातच जंगल व खजिना हे दोन शब्द शेजारी बसवितो, ही घटना मला एखाद्या वाङ्मयीन चळवळीइतकी महत्त्वाची वाटते. त्यानंतर अशी पुस्तके ओळीने यावयास हवी होती. आमच्या कपाटात तरी ती आली नाहीत.

साहसकथा मुलांना बिघडवितात, पळून जाण्यास शिकवितात, असा एक जुना आक्षेप शिक्षकांच्या बैठकीत अजून निघतो. बोधकथांची दरखास्त त्याच आक्षेपाच्या आधारे मंजूर होते. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी ही मुले पाहिली आहेत काय? पहिल्या पावसात वलगणीचे मासे वर चढू लागले की दहा वर्षांचा मुलगा काळोखात, कमरेएवढ्या पाण्यात, ओहळाची ओढ पायांनी मोजीत उभा असतो. ज्या तालुक्यातून तानसा, वैतरणा आणि भातसा मुंबईला पाणी पुरवितात, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरची मुलगी वैशाखात हंडा घेऊन कोरडी नदी उतरते. धोका त्यांना पुस्तकातून शिकावयाचा नाही. पुस्तकाने द्यावयाचे ते एवढेच की हे जे तू करतोस त्याला कसब म्हणतात, त्यात विचार आहे, त्यात थांबणेही आहे, आणि तुझ्यासारखा मुलगा कादंबरीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभा राहू शकतो.

विषय नाहीत असे कोणी म्हणू नये. २००९ साली पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेजला सोडले. महिन्याभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालून, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडून, पुढे खाडी पोहून, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याचे नाव आजोबा ठेवले होते. आमच्या घाटाकडच्या डोंगराचे नावही आजोबाच आहे. लव आणि कुश ज्यांना आजोबा म्हणत त्या वाल्मीकींचा आश्रम तिथे होता असे लोक सांगतात. बिबट्याचा हा प्रवास मुरबाड-शहापूरच्या मुलखातून झाला. कुत्री भुंकली असतील, कोणाच्या तरी खळ्याच्या कडेने तो गेला असेल, आणि कोणा मुलाने पहाटे चिखलात त्याचा पंजा पाहिला असेल. २०११ साली एका वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. त्या पंज्याचा ठसा पाहणाऱ्या मुलाची कादंबरी मात्र मला अजून यादीत दिसलेली नाही, आणि ती लिहिण्यास शहरातल्या खोलीत बसून चालणार नाही.

यादी करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की कोणत्याही साहसकथेची शिफारस करण्यापूर्वी ती अशा एखाद्या वर्गात मोठ्याने वाचून घ्यावी आणि जिथे मूल थांबेल तिथे खूण करावी. आणि जे लेखक मुलांसाठी रानातली गोष्ट लिहू इच्छितात, त्यांनी कसारा लोकलने आसनगावला उतरावे, शहापूरहून डोळखांबची एस.टी. धरावी आणि चार दिवसांची सवड काढून यावे. मुले वाट दाखवितील. पाड्यावर उतरण्याची व्यवस्था मी करीन.